पाणी मागायचा खेळ

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. पण मी भांडते ते पाच मिनिटं. माझी आई भांडली की वर्षं मोजावी लागतात. सिहोऱ्याजवळच्या आमच्या गावात आई आणि काकू, दोघी सख्ख्या जावा, सहा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. गल्ली एक, नळ एक, आणि दोघींमध्ये निरोप्या कोण, तर मी! "तुह्या काकूले सांग, लग्नात येईन, पण जेवणार नाही." जवाहरनगरच्या फॅक्टरीच्या क्वार्टरमधून बस पकडून माहेरी जायचं आणि असले निरोप वाहायचे. वैताग नुसता.

जिल्ह्याची वाटणी होऊन गोंदिया वेगळं झालं, त्याच्या आगेमागे आमच्या घराचीही वाटणी झाली. तलावाखालच्या शेतातल्या वरच्या बांध्या काकांना आल्या, खालच्या आमच्याकडे. बांधी म्हणजे चारी बाजूंनी मातीचा धुरा घालून अडवलेला धानाचा तुकडा. तलावाचं पाणी वरच्या बांधीतून खालच्या बांधीत उतरत येतं. काका गेल्यावर शेती काकूच पाहायची. एका साली धान निसवायच्या, म्हणजे लोंब्या बाहेर पडायच्या, ऐन वेळेस पाऊस दडी मारून बसला आणि आमच्या बांध्यांना भेगा पडल्या. आईने धुऱ्यावर उभं राहून वर पाहिलं, तर काकूचं धान अजून हिरवं होतं. हिनेच पाणी अडवलं, असं आईने ठरवून टाकलं. घरी आली ती तोंड शिवूनच.

आता यात खेळ कुठून आला ते सांगते. मुलीला कॉलेजात पोचवायला मी पुण्याला गेले होते. एका रविवारी ती म्हणाली, "आई, चल, तुला एक गंमत दाखवते," आणि टेबलावरच्या खेळांचा मेळावा भरला होता, अशा एका मोठ्या हॉलमध्ये मला घेऊन गेली.

बाप्पा बाप्पा! मी दारातच थबकले. टेबलंच टेबलं, आणि प्रत्येक टेबलावर एक वेगळं जग मांडलेलं. कुठे पुठ्ठ्याचे डोंगर, कुठे बोटाएवढे सैनिक, कुठे नुसते कागद आणि चित्रविचित्र फासे. एका टेबलावर एक मुलगी गोष्ट सांगत होती आणि पाच दाढीवाले बाप्ये श्वास रोखून ऐकत होते. फासा पडला तसे पाचही जण ओरडत उभे राहिले. शेजारच्या टेबलावर माझ्यापेक्षा मोठा, केस पांढरे झालेला एक माणूस खेळातल्या एका लाकडी मेंढीसाठी कॉलेजातल्या पोरीच्या विनवण्या करत होता. मागून झालं, कारणं देऊन झाली, हात जोडून झाले, पोरगी ढिम्म! मी तासभर तिथेच उभी होते. पाय दुखायला लागल्याचंही मला कळलं नाही.

चहाच्या रांगेत मुलीने मला या सगळ्याचा इतिहास सांगितला. आपल्याकडची पचिशी साहेबाच्या देशात गेली आणि नाव बदलून, नवे कपडे घालून, लुडो होऊन परत आली. पलीकडे लष्करातले अधिकारी टेबलावर नकाशे मांडून लुटुपुटीच्या लढाया खेळायचे. शिकायचं खऱ्या लढाईचं, पण मरायचं कोणी नाही. पुढे साध्या माणसांना त्याचा नाद लागला. मग कोणाच्या तरी मनात आलं, अख्खी पलटण कशाला, आपण एकच शिपाई होऊन पाहू. त्या एका शिपायाला नाव मिळालं, स्वभाव मिळाला, गोष्ट मिळाली. आणि अशा वेड्यांचा सगळ्यांत नावाजलेला मेळावा सुरू झाला तो एका तळ्याकाठच्या लहानशा गावात. एकाने मित्रांना घरी बोलावलं, घर पुरेना, म्हणून पुढच्या वर्षी गावातला हॉल भाड्याने घेतला. आता त्या मेळाव्याला जत्रेसारखी माणसं लोटतात.

"तळ्याकाठचं गाव?" मी म्हटलं. "मग आमच्यात काय कमी आहे? आमच्याकडे तर गावोगाव तलाव आहेत."

मुलगी हसली. मी हसले नव्हते.

परतीच्या गाडीत झोप कसली लागते! डोक्यात नुसता खेळ फिरत होता. घरी आल्यावर कूलरच्या खोक्याचा पुठ्ठा कापला आणि त्यावर तलाव नि त्याखाली एकीखाली एक अशा बांध्या काढल्या. पाण्यासाठी निळे मणी आणि धान म्हणून खरंच धानाचे दाणे. पावसाच्या चिठ्ठ्या गड्डीतून उचलायच्या. त्या मेंढीवाल्या माणसाला आठवून मी एक कायदा केला. पाणी वरच्या बांधीवालीकडे तोंडाने मागायचं, आणि नाही म्हणायचं असेल तर तिनेही तोंडानेच कारण सांगायचं. नुसती मान हलवलेली चालणार नाही. खरं सांगते, हा कायदा करताना माझ्या मनात आई नव्हती की काकू नव्हती. मला फक्त मजा हवी होती.

नवरा फॅक्टरीतून आला की दारातूनच विचारायचा, "काय मॅडम, तलाव भरला का?" मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. उन्हाळ्यात मुलगी सुटीवर आली तशी मी असाच मेळावा भरवायला माहेरच्या गावातलं समाजमंदिर मागितलं. किल्ली ज्यांच्याकडे होती ते गृहस्थ मला खालून वर न्याहाळत म्हणाले, "पैसे लावून राहिले का, बाई?" मी म्हटलं, "दादा, एक रुपया दिसला तर मेळावा बंद करा आणि मलेही बाहेर काढा." बुद्धजयंतीच्या खुर्च्या अजून परत गेल्या नव्हत्या, त्या आयत्याच मिळाल्या.

कोणी येईल याची मला काडीची खात्री नव्हती. पण माणसं आली! आधी पोरं, त्यांना शोधत त्यांच्या आया. मग दोन म्हातारे चौसरीचा कापडी पट काखोटीला मारून आले आणि कोणाला न विचारता कोपऱ्यात मांडून बसले. मुलगी पुण्याहून आणलेली खेळांची खोकी उघडत होती. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत कंबर मोडेस्तोवर राबणाऱ्या बाया फासे हातात खुळखुळवत होत्या आणि पोरींसारख्या किंचाळत होत्या. दहा वर्षांची पोरगी आणि सत्तरीचा आजोबा एकाच टेबलावर, आणि पोरगी आजोबांना दम देते, "पाळी तुमची नाही!" पुण्याचा हॉल पाहून मी थक्क झाले होते. इथे माझे डोळे भरून आले.

मी आईलाही बोलावलं होतं आणि काकूलाही. एकीचं दुसरीला सांगितलं नव्हतं. आईचे गुडघे गेले होते, काकूला साखर निघाली होती. यांनी आता नाही बोलायचं तर कधी, एवढीच धास्ती मला लागून राहिली होती. एका छताखाली दोन तास बसल्या तरी पुष्कळ, असं मी मनाशी धरलं होतं.

पुण्यात पाहिलं होतं तसं मी कोणी कुठे बसायचं ते चिठ्ठ्यांवर ठेवलं, म्हणजे ओळखीचेच एकत्र बसत नाहीत. माझ्या टेबलाच्या तीन चिठ्ठ्या निघाल्या. तलावाजवळची वरची बांधी आमच्या शेजारणीला, मधली आईला, सगळ्यांत खालची काकूला. चिठ्ठ्या माझ्याच हातात होत्या. बदलल्या असत्या तर कोणाला कळलंही नसतं. मी नावं मोठ्याने वाचली.

"मी नाही बसत इथी," आई म्हणाली.

"चिठ्ठी निघाली ती निघाली. खेळाचा कायदा आहे," मी म्हटलं. माझा आवाज चढला तशी बसली. काकू समोर बसून पुठ्ठ्यावरच्या बांध्या पाहत राहिली.

सुरुवातीला पाऊस भरपूर आला, कोणाला मागायची वेळच आली नाही. आई तर रंगून गेली. मलाच सुनावलं, "इतक्या लौकर निसवते का धान? काहून वं, शेतकऱ्याची पोरगी ना तू?" मग पाऊस नसलेली चिठ्ठी निघाली. पुन्हा तीच निघाली. काकूची बांधी कोरडी पडली. आता मागितलं नाही तर तिचे दाणे उचलले जाणार होते.

काकूने माझ्याकडे पाहिलं. मग पदर सारखा केला आणि ती आईला म्हणाली, "बाई, पाणी सोडता का थोडसं?"

सहा वर्षांनी! शेजारणीचा हात चिठ्ठ्यांच्या गड्डीवरच राहिला. आईने काकूकडे पाहिलं नाही, आपल्या बांधीकडे पाहिलं. तिच्यात एकच मणी होता. नाही म्हणायचं तर कारण सांगायचं, हे तिला माहीत होतं.

"माह्याच बांधीत एक मणी हाये," ती शेवटी म्हणाली. "तुले सोडलं त माहं धान जाईल. कुठून देऊ?"

"त्या साली मी बी हेच सांगतलं असतं," काकू हळूच म्हणाली. "माह्या बांधीत बोटभर बी पाणी नव्हतं. तुमी पुसलंच नाही, बाई."

आजूबाजूला फासे पडत होते, पोरं ओरडत होती. मी आईला इतकी वर्षं पाहत आले, पण तिचा असा चेहरा कधी पाहिला नव्हता. पुठ्ठ्याच्या एका तुकड्याने तिला काकूच्या धुऱ्यावर नेऊन उभं केलं होतं, आणि मी वाहिलेल्या शंभर निरोपांनी ते झालं नव्हतं. मला भीती वाटली, आता ही उठून जाते.

आई उठली नाही. तिने डोळ्यांना पदर लावला, नाक पुसलं आणि वरच्या बांधीवाल्या शेजारणीकडे वळली. शेतात हाक मारायचा तिचा जो आवाज आहे, त्या आवाजात म्हणाली,

"अवं, तुह्या बांधीत चार मणी दिसून राहिले. दोघींचं पाणी सोड. खाली माही जाऊ हाये."