आत पडायची सवय

माझी नोकरी परळच्या एका काचेच्या इमारतीत आहे. पूर्वी जिथे गिरणी होती तिथे आता आम्ही एसीत बसून लोकांच्या अपघातांची कारणं शोधतो. विम्याचा दावा आला की चूक कोणाची ते ठरवायचं. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात माझा हात धरणारं मजल्यावर कोणी नाही. आणि सुट्टी मिळाली की मी परदेशी जाऊन पाठीवर पॅराशूट बांधून उडी मारते, तीही विमानातून नव्हे, सरळ कड्यावरून. हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आईने एकच विचारलं, "आणि पैशे आपणच देवचे?"

पॅराशूट उघडलंच नाही तर, अशी भीती बघणाऱ्यांना वाटते. आमची भीती वेगळी. पॅराशूट वेळेवर, अगदी झोकात उघडतं, फक्त त्याचं तोंड भलतीकडे असतं. दरीकडे बघायचं सोडून ते कड्याकडे बघतं आणि तुम्हाला घेऊन मोठ्या उत्साहाने खडकावर चालून जातं. गेल्या खेपेला माझं तसंच झालं. खांद्यांवरचे मागचे पट्टे जीव खाऊन ओढले तेव्हा कुठे ते वळलं, आणि वळता वळता माझा घोटा खडकावर आपटला. प्लास्टर घेऊन लालबागला परतले.

मला उडी शिकवणारा दादरचा. कड्यावर त्या दिवशी तो माझ्यामागेच उभा होता. तो समजुतीच्या सुरात बोलू लागला की समजायचं, प्रकरण गंभीर आहे. "हे बघ," तो फोनवर म्हणाला, "घडी तपास. वारा आठव. दोन्ही निर्दोष निघाले तर स्वतःकडे बघ. कारण सापडल्याशिवाय पुढची उडी नाही. आणि सापडलंच नाही, तर खेळ सोडायचा." खेळ सोडायचा हे वाक्य त्याने इतकं सहज टाकलं की मला त्याचा संताप आला. वर्षभर त्या काचेत मी कशाच्या जोरावर बसते, हे त्याला ठाऊक होतं.

मी अर्थातच घडीपासून सुरुवात केली. स्वतःकडे बघायची घाई कोणाला असते? चाळीच्या गॅलरीत पॅराशूट पसरलं, तेव्हा आमच्या मजल्याचं येणं-जाणं बंद झालं आणि मतं सुरू झाली. समोरच्या काकू म्हणाल्या, एक बाजू जास्त ताणली असणार, साडीचा पदर असाच फसतो. शेजारचे आजोबा म्हणाले, वारा. कोपऱ्यातल्या मावशींनी नजर लागल्याचं निदान केलं आणि उपाय म्हणून लिंबूही आणलं. पाणी सोडायच्या वेळेवरसुद्धा जिथे एकमत होत नाही, तिथे एका गोष्टीवर झालं: एवढं कापड फुकट घालवलं. मी घडी पुन्हा पुन्हा घातली, दोऱ्या दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का ते बोटांनी चाचपलं. घडीत खोट नव्हती.

मग दादरकराने कड्यावरून काढलेला व्हिडिओ लावला. कड्यावरचं गवत हलत नव्हतं, म्हणजे वाराही निर्दोष सुटला. उरले मी.

उडी सरळ होती. पण पॅराशूट पाठीवरून सुटायच्या क्षणी माझा डावा खांदा खाली गेला होता आणि मान मागे, कड्याकडे वळली होती. खांदे तिरके असले की एका बाजूचा पट्टा आधी ताणला जातो आणि सगळं त्या बाजूला फिरतं. हे मला पाठ होतं. मी मागे काय बघत होते, ते कळेना. पुन्हा लावला. पुन्हा. आणि मग ओळख पटली. शाळेत असताना मी आमच्या बायकांच्या गोविंदा पथकात सगळ्यात वरच्या थरावर चढायचे आणि आई सगळ्यात खाली, पायात उभी असायची. तेव्हा वरच्याला दोरी-बिरी नव्हती. एकच शिकवण होती: तोल गेला तर बाहेर रस्त्यावर पडायचं नाही, आत, माणसांवर पडायचं. खांदा आत टाकायचा. त्या सरावात मी किती वेळा पडले असेन, आणि प्रत्येक वेळी झेलली गेले.

आईला व्हिडिओ दाखवला. खांदा दाखवला. ती खूश झाली. "आत पडलंस मा? मगे बरोबरच केलंस."

"आई, आत खडक होता."

"थंय कोणच नव्हता?"

"झेलायला कोणी नसतं गं तिथे."

मला वाटलं, आता ती म्हणेल, सोड ते. तिने म्हटलं असतं तर मी भांडले असते, आणि बहुधा हरलेही असते. पण ती म्हणाली, "मीच शिकवलंय मा तुका. मगे ती सवय मीच मोडतंय."

प्लास्टर निघालं, डॉक्टरांनी परवानगी दिली, तेव्हा आम्ही गॅलरीत गादी टाकली आणि तिच्यालगत लाकडी बाक ठेवला. खांदे सपाट, नजर समोरच्या चाळीच्या कौलांवर, आणि उडी. आई मागे उभी राहून खांद्यांवर लक्ष ठेवत होती. दर वेळी डावा खांदा खाली. ती ओरडायची, मी चिडायचे, मावशी लिंबाची आठवण करून द्यायच्या. शेवटी माझ्या लक्षात आलं आणि बोलायची माझी हिंमत होईना. तिच्याही लक्षात आलं असावं, कारण तीच म्हणाली, "मी हंय रवलंय म्हणान तू वळतंस."

मी मान डोलावली. ती आत गेली. आमच्या चाळीत दिवसाढवळ्या कोणी दार लावत नाही. तिने लावलं, वर कडीही घातली.

मी बाकावर चढले आणि उडी मारली. गादीवर दोन्ही पाय एकदम टेकले.

"काय झाला?" आतून आवाज आला.

"सरळ पडले," मी म्हणाले.

कडी निघायला बराच वेळ लागला.