पिशवीतला कीबोर्ड

बोईसरच्या कारखान्यात मी अजून कायम झाले नव्हते. ड्रमवर लावायची लेबलं छापणं हे माझं काम. कॉम्प्युटरवरच्या रोजच्या वापराच्या खात्याला अॅडमिनचे अधिकार ठेवू नयेत, असं कुठेतरी वाचलं आणि सकाळी कोणाला न विचारता माझ्या खात्याचे काढून टाकले. कॉम्प्युटरने अडवलं नाही, कारण दुसरं अॅडमिन खातं होतं. माझ्याआधी हे काम करणाऱ्या ताईचं.

मग लेबलचं सॉफ्टवेअर अॅडमिनचा पासवर्ड मागू लागलं. माझा चालेना, तिचा कोणालाच माहीत नव्हता. ड्रम न्यायला आलेला ट्रक गेटवर उभा. कॉम्प्युटरवाल्याला वापीहून बोलवायचं तर साहेबांना सांगावं लागणार, आणि साहेबांना कळलं, तर माझी नोकरी गेलीच.

"लेबलं?" साहेबांनी दारातून विचारलं.

"होतायत, सर."

कॉरिडॉरमध्ये जाऊन ताईला फोन लावला. आम्ही कधी बोललो नव्हतो. काय झालं ते तिला सांगितलं.

"पासवर्ड माज्या बोटांना ठाव हाय, मला नाय," ती म्हणाली. "आनि मी तिथं पाय नाय ठेवनार. कीबोर्ड असला तं सांगते."

जेवणाच्या सुट्टीत कीबोर्ड काढून पिशवीत घातला आणि रिक्षाने किनाऱ्यावरचं तिचं गाव गाठलं. ती अंगणात बांबूंवर बोंबील टांगत होती.

"काय गो बाय, डब्याऐवजी हे आनलंस?" ती हसली. हात पदराला पुसून तिने कीबोर्ड मांडीवर घेतला. बोटं इतकी भरभर चालली की मला काहीच दिसलं नाही.

"ताई, प्लीज, सावकाश."

"सावकाश केलं की इसरते."

शेवटी मी मोबाइलवर व्हिडिओ काढला.

"सायबाला सांगितलंस?" तिने विचारलं.

मी डोळे पुसत नकारार्थी मान हलवली.

"मंग रडतेस कशाला? रडलीस की त्याला कलंल."

परत येऊन व्हिडिओ अगदी हळू चालवला, एकेक अक्षर टाकलं. चुकीचा पासवर्ड. पुन्हा टाकला. पुन्हा तेच. बाहेर ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. तिसऱ्यांदा व्हिडिओ बघताना तिची डावी करंगळी दिसली. पहिल्या अक्षराला ती शिफ्टच्या बटणावर दाबलेली होती, म्हणजे ते अक्षर कॅपिटल.

खातं उघडलं. माझे अधिकार मी मला परत दिले. प्रिंटर सुरू झाला.

साहेब लेबलं न्यायला आले आणि थबकले. "मासळीचा वास कसला?"

"डब्यात बोंबील होते, सर."

ते गेले. बटाट्याच्या भाजीचा माझा डबा खणात तसाच होता. आधी कीबोर्ड पुसून काढला, मग तो उघडला.