लुचियाबाईंचा ठिपका

शुभा देवस्थळी मूळची नागपूरची. भूगोलात एम.ए. करून लग्नानंतर अमेरिकेत वेस्ट विंडसरला आली आणि ग्रीन कार्ड हातात पडल्यावर जवळच्याच एका संशोधन संस्थेत नकाशे करायच्या कामाला लागली. आम्ही दोघी एकाच गाडीने ऑफिसला जायचो, त्यामुळे तिची सगळी खबरबात मला असायची. नसती तर बरं झालं असतं, असं हल्ली वाटतं.

युरोपातल्या छोट्या भाषांचा नकाशा करायचा, हे तिचं काम. फ्रेंच, जर्मन असल्या धष्टपुष्ट भाषांना त्यात जागा नव्हती. समुद्रकाठची चार गावं किंवा डोंगरातली एखादी दरी, एवढ्याच जागेत तग धरून राहिलेल्या भाषा तिला शोधायच्या होत्या. बोलणारं माणूस असेल तिथे एक ठिपका द्यायचा. मी आयटीतली, मला हे सगळे रिकामटेकडे उद्योग वाटायचे.

"आपली पोरं घरात मराठीत एक वाक्य धड बोलत नाहीत, आणि तू यार इटलीतल्या डोंगराची काळजी कर," असं मी तिला चिडवायचे. ती नुसती हसायची. स्वभावाने अगदी गरीब.

या कामाची एक रीत होती. जिथे बोलणारं एकच माणूस उरलं असेल, तिथे दरवर्षी फोन करून ते हयात असल्याची खात्री करायची. त्याचं बोलणं रेकॉर्ड करायचं आणि तिकडच्या एका प्राध्यापकांना पाठवायचं. ते थोडंसं ऐकून नुसत्या उच्चारांवरून 'हीच भाषा' एवढंच कळवणार. रेकॉर्डिंग स्वच्छ हवं, म्हणून आपण तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. साधं खोकायचंही नाही.

लुचियाबाई इटलीच्या ईशान्येकडच्या अशाच एका दरीत एकट्या राहायच्या. त्यांच्या भाषेचं नाव मला अजून धड म्हणता येत नाही, म्हणून इथे लिहीत नाही. त्यांच्या भाचीने मेल केला होता की मावशीला सगळं सांगून ठेवलंय, तुम्ही फक्त फोन करा. २००३ साली शुभाने पहिला फोन लावला. बाई बोलल्या, थांबल्या, परत बोलल्या. शुभाला एक शब्द कळला नाही, पण त्या आवाजाने तिला वेडच लावलं.

त्याला कारण होतं. आदल्याच वर्षी तिची आई गेली होती, आणि ग्रीन कार्डच्या भानगडीत अडकल्यामुळे तिला नागपूरला जाता आलं नव्हतं. आईचा रविवारचा फोन बंद झाला, त्या जागी हा आवाज आला. वर्षातून एकदा करायचा फोन ती अधूनमधून करायला लागली. सकाळी ऑफिसात पोचली की तिकडे दुपार असायची.

"गोष्ट सांगतात गं मला," ती गाडीत म्हणायची. "मधेच आवाज चढवतात, मग एकदम थांबतात. अगदी आईसारखं."

"भाजी महाग झाली म्हणत असतील," मी म्हणायचे. पण तेवढ्यापुरता तिचा चेहरा उजळलेला असायचा, म्हणून मी फार ताणलं नाही.

२००६ मध्ये भाचीचा मेल आला. मावशी गेली. नियमाप्रमाणे ठिपका पुसायचा होता, पण शुभाच्याने तो पुसवेना. न पाठवलेलं एक जुनं रेकॉर्डिंग तिच्याकडे होतं, तेच नवी तारीख घालून तिने प्राध्यापकांना पाठवून दिलं. 'हीच भाषा,' असं त्यांचं उत्तर आलं आणि ठिपक्यासकट नकाशा वेबसाइटवर चढला.

"जॉब घालवायचाय का तुला?" मी भडकले.

"असू दे गं एक वर्ष. कोण बघतंय?"

बघणारा निघाला. ओहायोतल्या डब्लिनहून एका म्हाताऱ्याचा फोन आला. आंतोन त्याचं नाव. लहानपणीच आईबापांबरोबर ती दरी सोडून अमेरिकेत आलेला, आता मुलाकडे राहत होता. भाऊ वारल्यापासून त्या भाषेत बोलायला त्याला कुणी उरलंच नव्हतं. नातीने कंप्युटरवर नकाशा दाखवला आणि आपल्या दरीत ठिपका बघून म्हातारा रडला म्हणे. आता त्याला त्या ठिपक्यामागच्या माणसाचा नंबर हवा होता. मुलगा विमानाचं तिकीट बघत होता.

रविवारी सांगते, असं म्हणून शुभाने वेळ मारून नेली. दुसऱ्या दिवशी गाडीत बसल्याबसल्या तिने मला हे सगळं सांगितलं.

"आसावरी, काय सांगू मी त्यांना?"

"खरं सांग. तिकीट बुक करायच्या आत सांग."

एकटीने सांगायचा धीर होईना, म्हणून रविवारी दुपारी तिने मला घरी बोलावलं. नवरा मुलांना घेऊन पोहायला गेला होता. किचनच्या टेबलावर फोन स्पीकरवर टाकून तिने सगळं सांगितलं. बाई गेल्या. ठिपका खोटा आहे. चूक माझी.

पलीकडे चालू असलेला टीव्ही कुणीतरी बंद केला. मग आंतोन म्हणाला, "तिचा आवाज आहे तुमच्याकडे? मला ऐकवा."

शुभाने लॅपटॉपवर रेकॉर्डिंग लावलं. मीही तो आवाज पहिल्यांदाच ऐकत होते. कोरडा, घाईचा. बाई थांबल्या आणि त्या जागेत आंतोन बोलू लागला, शाळेतल्या पोरासारख्या चढ्या सुरात. त्याचं वाक्य संपायच्या आत बाई पुन्हा सुरू झाल्या. तो थांबला. त्या थांबल्यावर पुन्हा बोलला. मेलेल्या बाईशी त्याचं बोलणं चाललं होतं.

"ती मला पुरतं बोलूच देत नाही," तो आम्हाला इंग्रजीत म्हणाला आणि हसला. ते हसणं मला ऐकवेना.

शुभाने मग भीतभीत विचारलं, "कसली गोष्ट सांगतायत त्या?"

"गोष्ट?" आंतोन गोंधळला. "गोष्ट नाही ही. ती म्हणतेय, कोण आहे? पुन्हा तूच ना? तुझा श्वास ऐकू येतोय मला. मी इथे एकटी असते. तू बोलत का नाहीस? मी काय वाकडं केलंय तुझं?"

भाचीने बाईंना काय सांगितलं होतं, काही सांगितलं तरी होतं का, देव जाणे. ते विचारायचं या संस्थेत इतकी वर्षं कुणालाच सुचलं नव्हतं.

"फोनवर कोण होतं?" आंतोनने विचारलं. "कोण छळत होतं तिला?"

"मी," शुभा म्हणाली.

रेकॉर्डिंग बंद करायचं आम्हाला भानच राहिलं नव्हतं. शुभा लॅपटॉपवर वाकली, अगदी तोंड जवळ नेऊन, आणि मराठीत म्हणाली, "मी शुभा बोलतेय, मावशी. अमेरिकेतून. घाबरू नका."

लुचियाबाई तेच विचारत राहिल्या.