भिंतीकडची बाजू

बाळंतीण शीतलची उजवी छाती तीन आठवड्यांत दुसऱ्यांदा सुजली होती. लाल, गरम, हात लावू देत नव्हती. अंगात ताप.

मी एएनएम, म्हणजे उपकेंद्राची नर्स. पिंपळगाव राजाकडची चार गावं माझ्याकडे. या दुखण्याला आम्ही मॅस्टायटिस म्हणतो. दूध साचतं, स्तनाग्राला चीर असली तर तिच्यातून जंतू शिरतात आणि सूज येते. वेळेत आवरली नाही तर आत पू होतो.

तिला पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवलं. डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या.

"सिस्टर, अजून पू नाही. पण पुन्हा तीच बाजू का, ते शोधा. तिसऱ्यांदा आली तर खामगावला पाठवून चिरा द्यावा लागेल."

सासूचा निकाल तयार होता. "पाजणंच बंद करून टाका. डब्याचं दूध देऊ."

"एकदम बंद केलं तं अजून साचते, माय. दुखऱ्या बाजूनंच पाजा लागते."

तरी तिनं डबा आणून ठेवलाच.

मला खरा राग शीतलचा आला होता. दोन्ही भेटींत मी तिला समोर बसवून पाजायला लावलं होतं. दोन्ही बाजूंनी व्यवस्थित पाजत होती. फॉर्मवर मी टिक केली होती. पोरगी माझ्यासमोर एक करते आणि पाठीमागे भलतंच, असं मी धरून चालले.

दोन दिवसांनी न सांगता भरदुपारी गेले. कापूस वेचणीचे दिवस, गल्लीत चिटपाखरू नाही. नवरा पुण्याला कंपनीत, सासू-सासरे वावरात. शीतल खाटेवर आडवी होऊन पाजत होती. उजव्या हाताला भिंत, डाव्या हाताला दार. ती डाव्या कुशीवर, त्यामुळे बाळाच्या तोंडात डावा स्तन. दिवसभर असंच. बसून पाजणं फक्त मी आल्यावर.

"भिंतीकडे काऊन वळत नाही वं?"

"तिकडं तोंड केलं तं दार दिसत नाही, मॅडम."

"दारात काय आहे?"

"कोणी आलं तं समजलं पाह्यजे न."

"कोण येते?"

तिनं जरा विचार केला. "कोणी नाही येत."

माझा राग तिथंच ओसरला. टिक करणाऱ्या हाताची लाज वाटली.

संध्याकाळी सासूला सगळं सांगितलं. वाटलं, सुनेच्या नावानं बोटं मोडेल. तिनं एवढंच विचारलं, "दिवसभर दाराकडंच पाह्यते?"

"हाव."

तिनं खाट भिंतीपासून दोन हात ओढली. दुसऱ्या दिवसापासून दुपारीच वावरातून येऊन त्या जागेत पोतं टाकून डाळ निवडायला बसू लागली. बोलायला माणूस मिळालं तशी शीतल उजवीकडे वळू लागली.

आठ दिवसांत सूज उतरली. चिरा लागला नाही. डबा फोडलाच नाही.

डॉक्टरांनी कारण विचारलं. मी म्हटलं, "खाट."

आता कोणत्याही बाळंतिणीला मी आधी विचारते, दुपारी घरात कोण असतं? फॉर्मवर तो रकाना नाही.

उपकेंद्रामागच्या क्वार्टरमध्ये मी आठ वर्षं एकटी राहते. माझीही खाट भिंतीला लागून आहे. आपण कोणत्या कुशीवर पडतो, हे शीतलच्या घरून आल्यावर मी पहिल्यांदा पाहिलं. दाराकडे.