तिरुवैयारुचे रानहंस

पक्ष्यांतलं मला काही कळत नाही, ही गोष्ट आमच्या घरात फक्त मलाच ठाऊक नव्हती.

लेकीनं पुण्याचा मुलगा स्वतःच पसंत केला होता. अडलं होतं ते मुलाच्या वडिलांच्या होकारावर. ते तंजावूरला आले आणि मुलीकडे बघायच्या आधी आभाळाकडे बघू लागले! पक्ष्यांचा नाद. (रानहंस मात्र त्यांनी अजून फोटोतच पाहिलेले.)

"इकडे रानहंस उतरतात म्हणे?"

"उतरतात? उन्हाळा लागला की हिमालयाकडे निघतात, ते मला सांगून निघतात!"

"अहो, तुम्हाला कावळा तरी ओळखता येतो का?" बायको कुजबुजली आणि धास्तीनं आमच्याबरोबर गाडीत बसली.

भल्या सकाळी तिरुवैयारुच्या पुढे तळ्यावर पोचलो. तळं होतं, हंस नव्हते!

"नेत्ते पोच्चु, सार!" काठावरचा एक जण म्हणाला. म्हणजे, कालच गेले.

"काय म्हणतोय?" पाहुण्यांनी विचारलं.

"पुढच्या वळणावर आहेत म्हणतोय!" मी भाषांतर केलं.

आणि काय सांगू, वळणावर कापणी झालेल्या भातखाचरात, धुक्यात, शेदोनशे करडे पक्षी खरंच चरत होते! पाहुणे दुर्बीण काढू लागले. मी हात धरला. "छे छे! काच चमकली की हंस बिथरतात!"

पाहुणे गहिवरले. हात पसरून ओरडले, "वा! वा! वा!"

शेदोनशे माना एकदम वर झाल्या. आता, तमिळमध्ये 'वा' म्हणजे 'ये'. आणि आमच्याकडची पाळीव बदकं पक्की तमिळ! त्यांचा धनी त्यांना रोज हेच म्हणून दाणे टाकतो. अख्खा कळप 'क्वॅक क्वॅक' करत पाहुण्यांवर धावून आला!

"वा! किती माणसाळलेत!"

"अहो, वा म्हणू नका!" मी किंचाळलो.

"पो! पो!" बायको पदर झटकत बदकांना हाकलू लागली. तेवढ्यात बदकांचा धनी काठी उगारत आला. "सार! माझी बदकं कुठे पळवता?" (याचं भाषांतर मी केलं नाही. बायकोनं केलं. शब्दन्‌शब्द!)

गुडघाभर बदकांत उभे राहून पाहुण्यांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं. मग बायकोकडे वळले.

"वहिनी, मुलगी कुणावर गेलीय?"

"माझ्यावर. अगदी डोक्यानंसुद्धा."

"मग आमचा होकार समजा!"

लेकीच्या लग्नाला बापाचा हातभार लागावा लागतो म्हणतात. माझा एवढाच लागला, की ती माझ्यावर गेली नाही!