बसवनगुडीच्या सभेत बंद झालेला माईक

चामराजपेटेत 'साउंड राव' म्हटलं की कुणीही घर दाखवायचं. खरं नाव खंडोजी राव. तीन-चारशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर त्यांचं घराणं इकडे आलं आणि इथलंच झालं. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. फौजेतलं मात्र खंडोजींच्या अंगात काही उतरलं नव्हतं. माणूस भित्रा. रस्त्यात भांडण दिसलं की पलीकडच्या फुटपाथवर जायचा, पोलीस दिसला की काही केलेलं नसतानाही खिशात गाडीचे कागद चाचपायचा.

आणि धंदा कसला, तर दुसऱ्यांचा आवाज मोठा करण्याचा. लग्न, गणपती, कन्नड राज्योत्सव, आणि सगळ्यांत जास्त राजकीय सभा. यांच्या भोंग्यांतून सगळ्या पक्षांनी एकमेकांना चोर म्हटलं होतं. खंडोजी व्यासपीठाच्या कडेला आपल्या टेबलामागे बसायचे, नजर काट्यांवर, बोटं बटणांवर. कोण काय बोलतोय हे कानावर पडायचं, पण डोक्यात शिरू द्यायचं नाही, हा त्यांचा नेम. त्या नेमावर त्यांचं घर चाललं, मुलगी दिव्यश्री शिकली, बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात नोकरीला लागली.

मग बायकोच्या, चंपाच्या, दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा तिला सरकारी इस्पितळात डायलिसिसला न्यावं लागू लागलं. तिथे मशिनं कमी, त्यातली काही कायम बिघडलेली, बाहेर बाकांवर सुजलेल्या पायांची माणसं ताटकळत बसलेली. पण त्या विभागात अश्लेषा सिस्टर होती. तरुण मुलगी, विजापूरकडची. चंपाच्या हातातली शीर पहिल्याच फटक्यात सापडायची ती तिलाच. सुई टोचताना ती चंपाशी मराठीत बोलायची, "काकू, इकडं बघा की, माझ्या तोंडाकडं." चंपा दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायला नाखूष असायची.

अशात बातमी आली की डायलिसिसचा विभाग एका खाजगी कंपनीकडे चालवायला देणार. वॉर्डात चर्चेला ऊत आला. बसवनगुडीतल्या रहिवाशांनी एका शाळेच्या सभागृहात रविवारी सकाळी जाहीर सभा ठेवली. दोन्ही बाजूंनी बोलायचं, लोकांनी प्रश्न विचारायचे. माईकचं काम खंडोजींकडे आलं. नाही म्हणावंसं वाटलं होतं, पण नाही म्हणायलाही धीर लागतो.

कंपनीच्या बाजूने बोलायला माजी नगरसेवक बसवंत आले होते. उंच, भरदार, आवाज असा की माईकची गरजच नव्हती. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. "मशीन बंद पडलं की सरकारी माणूस यायला महिना जातो," ते म्हणाले. "कंपनीचा माणूस संध्याकाळी येतो. पेशंटला काय पाहिजे, सरकारी पाटी की चालू मशीन?" टाळ्या पडल्या. खंडोजींनाही वाटलं, बरोबर आहे.

मग अश्लेषा सिस्टर उठली. गणवेशात नव्हती, साध्या सलवार-कमीजमध्ये होती. तिचं म्हणणंही खोटं नव्हतं. "मशीन चालू राहील, साहेब. पण ज्याच्याकडे योजनेचं कार्ड नाही, ज्याचं नाव कार्डावर चुकलंय, त्याला दारातून परत पाठवलं तर तो कुणाकडे दाद मागणार? तुमच्याकडे? तुम्ही फोन उचलाल?"

सभागृहात हशा पिकला. बसवंतांच्या फोनबद्दल वॉर्डात सगळ्यांनाच ठाऊक होतं. बसवंतांचा चेहरा लाल झाला. त्यांनी माईक ओढून घेतला आणि आधी हसत हसत, मग न हसता, ते त्या मुलीबद्दल बोलू लागले. ही कुणाच्या गाडीतून येते, हिची बदली दरवेळी कशी रद्द होते, त्यासाठी ही कुणाच्या घरी जाते. अश्लेषा उभीच होती. तिने खुर्चीची पाठ घट्ट धरून ठेवली होती.

खंडोजींना पुढे पुष्कळांनी विचारलं की त्या क्षणी मनात काय आलं. त्यांना सांगता आलं नाही. आलंच नाही काही. एवढंच कळलं की आपला हात पुढे गेला आहे आणि बसवंतांच्या माईकचं बटण शून्यावर आलं आहे.

भोंग्यांतून आवाज थांबला. एवढ्या मोठ्या माणसाचा आवाज एकदम घरगुती झाला, कुणीतरी मोरीतून टॉवेल मागावा तसा. बसवंत माईकवर टिचक्या मारू लागले. मागून एक जण हसला, मग सगळेच हसले. बसवंतांनी वळून टेबलाकडे पाहिलं. खंडोजींचा हात अजून बटणावरच होता.

तो हात कुणीतरी फोनवर टिपला होता. संध्याकाळपर्यंत ते चित्र चामराजपेटेतल्या प्रत्येक दुकानात पोचलं.

दुसऱ्या दिवशी मोटरसायकलवरून दोन माणसं दुकानापाशी आली. खंडोजी वायरींची भेंडोळी करत होते. त्यांना वाटलं, आता मारणार. पण ते फार अदबीने बोलले.

"नमस्कार, राव अण्णा. अक्कांची तब्येत कशी आहे?"

"बरी आहे," खंडोजी म्हणाले.

"मंगळवार-शुक्रवार इस्पितळात असतात ना? खिडकीजवळचं मशीन. जपा हं त्यांना. स्वल्प, जरा जपायला हवं."

एवढंच बोलून ते गेले. एक वावगा शब्द नाही, एक शिवी नाही. खंडोजी वायरींच्या ढिगावरच बसले. कुणी कानफटात मारली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

घरी त्यांनी अवाक्षर काढलं नाही. मंगळवारी चंपाला घेऊन गेले. एरवी ते बाहेर बाकावर पेपर वाचत बसायचे. त्या दिवशी काचेच्या दाराला नाक लावून उभे राहिले. चंपाचं रक्त नळीतून मशीनमध्ये जात होतं आणि परत येत होतं. इतके दिवस त्या लाल नळीचा त्यांना आधार वाटायचा. आज ती किती बारीक आहे, कुणाच्याही हाताला लागण्याजोगी आहे, हेच दिसत होतं. झाडूवाला मशीनच्या मागून गेला तरी त्यांच्या छातीत धस्स व्हायचं. एक अनोळखी वॉर्डबॉय आत शिरला तेव्हा ते दार ढकलून मागोमाग गेले. तो बिचारा चादरी बदलायला आला होता.

"काय झालं ओ तुम्हाला?" चंपाने विचारलं.

"काही नाही. गरम होतंय बाहेर."

दिव्यश्रीला ते बसथांब्यापर्यंत पोचवू लागले. कारखान्यात पोचल्यावर तिने फोन करायचा, निघताना करायचा. "अप्पा, मी काय शाळेत जाते का?" ती चिडायची. पण फोन करायची. तिलाही कुठल्या-कुठल्या नंबरांवरून मेसेज येत होते, ते तिने बापाला दाखवले नव्हते.

बसवंतांच्या पक्षाच्या सभांची ठरलेली कामं हातची गेली. त्याचं दुःख करायला खंडोजींना सवडच नव्हती, कारण तेवढ्यात दुसऱ्या पक्षाचा मंजुनाथ हार आणि शाल घेऊन दारात हजर झाला. "राव अण्णा, तुम्ही आमचे हिरो. रविवारी स्टेजवर या. काही बोलू नका, फक्त हात वर करा."

"मला नको," खंडोजी म्हणाले. "मी कुणाचा नाही."

"असं कसं? आता तुम्हाला कुणाचं तरी व्हावंच लागेल," मंजुनाथ हसून म्हणाला, आणि शाल खुर्चीवर ठेवून गेला.

खंडोजी गेले नाहीत, तरी त्यांचा फोटो पक्षाच्या इंटरनेटवरच्या पानावर गेला. मोठ्या अक्षरांत नाव, खाली त्या हाताचं चित्र. आणि त्या चित्राखाली मंजुनाथच्या माणसांनी लिहायला सुरुवात केली. आधी बसवंतांबद्दल. मग त्यांच्या मुलीबद्दल. सौम्या तिचं नाव, कॉलेजात शिकणारी. तिचे फोटो शोधून काढले, त्यावर जे लिहिलं ते बसवंत सभेत बोलले होते त्याहून घाण होतं.

दिव्यश्रीने फोन बापापुढे धरला. "अप्पा, ही माझ्याहून लहान आहे. आणि वर तोंड तुमचं आहे."

खंडोजींनी वाचलं. चार ओळींपलीकडे वाचवेना. आजवर दुसरे आपल्याला काय करतील याचीच भीती होती. आपल्या नावाने कुणाचं काय होतंय, ही भीती नवी होती, आणि तिच्यापासून पळायला पलीकडचा फुटपाथ नव्हता.

"मी बसवंतांकडे जातो," ते म्हणाले.

"मी पण येते," चंपा आतून म्हणाली.

"तू कशाला? तुला—"

"मी येते म्हटलं ना."

दोघं ऑटोने बसवनगुडीला गेले. बसवंतांच्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं कार्यालय होतं. दारापाशी उभा असलेला माणूस पाहून खंडोजींचे पाय जागीच थिजले. मोटरसायकलवर मागे बसलेला तोच. चंपाने त्यांचा दंड धरला आणि आत नेलं.

बसवंतांनी बसा म्हटलं नाही. चंपा आपणहून बसली.

"माफी मागायला आलास?" बसवंतांनी कन्नडमध्ये विचारलं.

खंडोजी उभेच राहिले. "नाही, साहेब. म्हणजे... माईक मीच बंद केला. कुणी सांगितलं नव्हतं. पण तुमच्या मुलीबद्दल माझ्या फोटोखाली जे लिहितायत, ते माझं नाही. ते मला नको आहे. एवढं सांगायला आलो."

बसवंतांनी टेबलावरचा फोन पुढे सरकवला. "हे आत्ता फोनसमोर बोल. आणि हेही बोल की मंजुनाथने तुला माईक बंद करायला सांगितलं."

"ते खोटं आहे, साहेब."

"तुझं नुकसान होईल."

खंडोजींनी टेबलाची कड धरली. हो म्हणून टाकावं, घरी जावं, दार लावून घ्यावं, असं त्यांना फार वाटलं. पण हो हा शब्द काही तोंडातून फुटेना.

तेव्हा चंपा बोलली. तिचा आवाज मुळातच बारीक, आजारात आणखी बारीक झालेला. "साहेब, तुमची माणसं माझी तब्येत विचारायला दुकानावर आली होती. म्हटलं, स्वतःच येऊन सांगावं. बरी आहे मी."

खंडोजींनी चमकून बायकोकडे पाहिलं. तिला सगळं माहीत होतं.

"फक्त सुई नीट लागत नाही हल्ली," चंपा पुढे म्हणाली. तिने पदर बाजूला करून हात टेबलावर ठेवला. कोपरापासून मनगटापर्यंत काळानिळा. "अश्लेषा सिस्टरचा हात थरथरतो. पूर्वी नाही थरथरायचा. तिच्या हातात माझा हात असतो, म्हणून मला कळतं."

बसवंतांनी त्या हाताकडे पाहिलं आणि मग दाराकडे. दारातल्या माणसाने नजर खाली घातली. "मी नव्हतं पाठवलं," बसवंत म्हणाले. हे खरं की खोटं, खंडोजींना कधीच कळलं नाही.

आतल्या खोलीत कुणीतरी खोकलं. बसवंत एकदम हळू बोलू लागले. "पोरगी बाहेरच पडत नाही. जेवण ताटात तसंच ठेवते." मग उठून पाठ फिरवून उभे राहिले. "जा. सरी, ठीक आहे. पण माझ्या सभेला पुन्हा दिसू नकोस."

नंतर बसवंतांनी आपल्या पानावर लिहिलं की कुणाच्या लेकीबाळींवर कुणी बोलू नये. अश्लेषाचं नाव त्यात नव्हतं, माफीही नव्हती. मंजुनाथच्या माणसांना दुसरं काहीतरी सापडलं आणि ते तिकडे वळले. कंपनी आली. मशिनं नवी आली, एकही बंद नसतं. दारात पहारेकरी आला, तो कार्ड बघितल्याशिवाय आत सोडत नाही. बाकांवरची काही ओळखीची तोंडं दिसेनाशी झाली. ती कुठे गेली हे विचारायचं धाडस खंडोजींना होत नाही. चंपाचं कार्ड अजून चालतं.

अश्लेषाने स्वतःच बदली मागून घेतली. शेवटच्या दिवशी चंपाचा हात हातात घेऊन ती म्हणाली, "काकू, मला भीती वाटते हो. सभेत बोलले तेच बरोबर होतं, असं रोज स्वतःला सांगते, तरी वाटते."

"मलाही वाटते," चंपा म्हणाली. "ह्यांना तर जन्माची वाटते. टोच तू."

खंडोजी काचेबाहेर उभे होते. त्यांना बोलणं ऐकू आलं नाही. त्यांनी एवढंच पाहिलं की दोघी एकमेकींच्या तोंडाकडे बघतायत आणि सुई आत गेली आहे.