त्यालाच इचारू

शेणवे गावात आमच्या शेजारी राहणारे दादा कोणत्याही प्रश्नाचं उत्तर तंबाखू मळून झाल्यावरच देत. घाई केली तर म्हणत, "थांब रे, प्रश्न कुठं पळत नाय."

नव्वदच्या दशकात त्यांना पहिलं मूल झालं. शरीरावरून ते मुलगा की मुलगी, हे सांगता येत नव्हतं. आळीत पदवीधर मी एकटाच, म्हणून मुंबईच्या इस्पितळात त्यांनी मला सोबत नेलं. डॉक्टर म्हणाले, "लगेच ऑपरेशन करून मुलगी करून टाकू. मोठेपणी काही आठवणार नाही."

दादा रिकाम्याच तळहातावर अंगठा फिरवत राहिले. "जिवाला धोका हाय का?"

"तसा नाही."

"लघवी नीट होते?"

"होते."

"मग कापू नका, सायेब. आंग त्याचं हाय. मोठं झालं की त्यालाच इचारू."

त्यांचं बरोबर की डॉक्टरांचं, हे तेव्हा मला ठरवता आलं नाही.

गावात परतलो तेव्हा नळावर पाणी भरणाऱ्या आळीतल्या एका वहिनींनी मला हाक मारली, "काय रे, पेढे का बर्फी? पोरगा का पोरगी?"

"पोर झालं गो. हात पुढं कर," दादा म्हणाले, आणि त्यांनी वहिनींच्या ओल्या हातावर गुळाचा खडा ठेवला.